काकूचं इंग्लिश

“शाळा सोडलेल्या पोराकडून माझी बायको इंग्लिश शिकत होती, आणि हे मला आज कळतंय,” यतिनकाका म्हणाला. “आज. रिझल्ट आल्यावर.”

“शिकत नव्हती,” मी म्हटलं.

“मग काय करत होती?”

“तू आधी नीट ऐकून तरी घे.”

“अवधूत, तू मला शिकवू नकोस. इयर इलेव्हन पण पूर्ण केलं नाहीस तू.”

हे वाक्य आमच्या घरात मिठासारखं वापरतात. कशातही टाकतात. दूध उतू गेलं, वायफाय गेलं, सगळ्याचं कारण एकच, अवधूतने शाळा सोडली. मार्चमध्ये सोडली, आता ऑगस्ट आलाय, तरी चव गेलेली नाही.

रविवारचं जेवण चाललं होतं. लॉकडाउनमुळे बाहेरचं कोणी येणार नव्हतं, त्यामुळे भांडायला घरचेच. टेबलाच्या त्या टोकाला बाबा, या टोकाला मी, मधे आई, समोर काका आणि शिवांगीकाकू. इथे ऑस्ट्रेलियात ते दोघं स्कोफिल्ड्सचं भाड्याचं घर सोडून आमच्या टूनगॅबीच्या घरामागच्या छोट्या ग्रॅनी फ्लॅटमध्ये राहायला आलेत. आणि लोणच्याच्या बरणीला टेकून आयपॅड उभा होता, त्यात पुण्याहून वासंतीआजी. आयपॅड जरा मागे कललेला, त्यामुळे तिला बहुतेक आमचं छतच दिसत होतं.

काकूची इंग्लिशची टेस्ट तिसऱ्यांदा गेली होती. लॉकडाउनच्या आधी दिली, मग सेंटर बंद पडलं, रिझल्ट अडकला, आणि आज सकाळी ईमेल आला. लिसनिंग मस्त. रीडिंग मस्त. रायटिंग तर माझ्या जुन्या टीचरपेक्षा बरं. स्पीकिंगमध्ये सगळ्यात खालचा मार्क, म्हणजे त्याच्या खाली मार्कच नसतो. काकाचे पीआरचे, म्हणजे इथे कायमचं राहायच्या परवान्याचे, पॉइंट्स अगदी काठावर अडकलेत, बायकोचं इंग्लिश पास झालं की पार. म्हणून काकाने तो ईमेल उघडायला स्वतःच काकूचा लॅपटॉप घेतला आणि त्याला तिथे माझी रूम दिसली.

रूम म्हणजे माझा ऑनलाइन गप्पांचा सर्व्हर. नाव ‘चहा ब्रेक’. आधी मी नुसता गेम खेळायचो. टीममध्ये एक पोरगा इंडोनेशियाचा, एक ब्राझीलचा, दोघी बहिणी व्हिएतनामच्या. कोणालाच पूर्ण इंग्लिश येत नाही, आणि समोरून गोळ्या येतायत. तेव्हा जो शब्द तोंडात येईल तो टाकायचा. पोर्तुगीज, मराठी, काहीही. महिन्याभरात सगळे धडाधड इंग्लिश बोलायला लागले. मग मला वाटलं, गोळ्यांशिवाय पण हे जमेल. रूम काढली. इकडचे तिकडचे लोक येतात, नांदेडचे, केलीव्हिलचे, कुठलेही. नियम एकच, अडलं की आपल्या भाषेतला शब्द घाल, पण थांबू नकोस.

“मी ऐकलंय ते,” बाबा म्हणाले. बाबांचं नाव शैलेंद्र, पण भांडणात ते नेहमी काकाचे दादा असतात. “परवा याच्या खोलीबाहेरून जात होतो. कोणीतरी सांगत होता, ‘टुमॉरो माय इंटरव्ह्यू आहे, आय ॲम सो घाबरलेला.’ हे इंग्लिश आहे? ही भेळ आहे. टेस्टमध्ये मशीन मार्क देतं. मशीनला भेळ कळत नाही.”

“त्याने वाक्य पूर्ण केलं ना पण?” मी म्हटलं.

“असलं वाक्य पूर्ण करून उपयोग काय?”

“तुम्ही बघा ना तुमचं. मीटिंगमध्ये आधी म्यूटवर दोनदा पुटपुटून बघता, मग अनम्यूट करता. तोपर्यंत तो स्टीव्ह पुढच्या विषयावर गेलेला असतो. चौदा वर्षं झाली इथे.”

आई म्हणाली, “अवधूत.” एवढंच. बाबांचे कान लाल झाले. माझं हे असं होतं, दिसतं ते बोलून टाकतो आणि मग मला वाईट वाटायच्या आत अजून राग येतो.

“लॅपटॉप आणून दे,” बाबा म्हणाले. “ती रूम आजच्या आज बंद. काकूचं नुकसान केलंस तू.”

काकू भात कालवत होती. एकदा माझ्याकडे बघून तिने मान हलवली, अगदी थोडी. मला वाटलं ती म्हणतेय, सोड, वाद घालू नको. आता कळतं, ती वेगळंच सांगत होती. पण तेव्हा माझं डोकं फिरलं होतं. मी फोन काढला, आणि टेबलाच्या मधोमध ठेवून रेकॉर्डिंग लावलं. ज्यांचं सेशन चुकतं त्यांच्यासाठी मी रेकॉर्ड करून ठेवतो, सगळ्यांना माहीत असतं.

आधी चारुदत्तचा आवाज आला. तो नांदेडचा, जहाजावरच्या हॉटेलात नोकरीसाठी तयारी करतोय.

“मॅम, आय ॲम व्हेरी सॉरी फॉर एसी. ॲक्च्युअली ते... ते जे असतं...”

मग बाईचा आवाज. “थांबू नकोस. मराठीत घाल आणि पुढे जा. गेस्टला तुझं ग्रामर नकोय, त्याला गार हवा हवीय.”

“कॉम्प्रेसर बिघडला, मॅम.”

“गुड. आता ऐक, मी करून दाखवते. आय कंप्लीटली अंडरस्टँड, सर, इट्स बॉइलिंग इन हिअर. लेट मी पुट यू इन अनदर रूम राइट नाऊ, अँड आय'ल गेट समवन टु हॅव अ लुक धिस आर्वो. नो वरीज ॲट ऑल. आर्वो म्हणजे आफ्टरनून. आणि हे म्हणताना हसायचं, चारुदत्त. तू तर त्याचीच किडनी मागितल्यासारखा उभा आहेस.”

आणि मग ती हसली. रूममध्ये अजून सात-आठ जण होते, ते पण हसले.

काका फोनकडे वाकला.

“ही कोण?” काकाने विचारलं.

खरंच विचारलं. नाटक नव्हतं. ज्या बाईबरोबर आठ वर्षं संसार केला तिचा आवाज त्याला ओळखू आला नाही. आईला आला. आईच्या हातातला डाव तसाच राहिला आणि आमटी टेबलक्लॉथवर पडत राहिली.

आयपॅडमधून आजी म्हणाली, “कोण गं या मॅडम? छान बोलतात.”

“काकू आहे,” मी म्हटलं. “रूममध्ये पद्मा नावाने येते. मी तिला शिकवत नाही. ती सगळ्यांना शिकवते. मला पण.”

मला तरी ते कळलं कसं? कुकरमुळे. एकदा पद्मामॅडमच्या मागे कुकरची शिट्टी झाली, ती मला हेडफोनमध्ये आणि खिडकीतून एकदमच ऐकू आली. मी काही बोललो नाही. तिला माहीत होतं की मला माहीत आहे. आमचं तसं ठीक चाललं होतं.

काकूने हात पुढे करून रेकॉर्डिंग बंद केलं. तिचा चेहरा बघितला तेव्हा मला कळलं. मी काकूची बाजू मांडायला गेलो होतो. मी तिला उघडं पाडलं होतं.

“मग टेस्टमध्ये काय झालं?” काका म्हणाला. त्याचा स्वर एकदम बारीक झाला होता. काका नेटवर्क इंजिनीअर आहे, काही बंद पडलं की तो आधी वायर बघतो. “माइक खराब असणार. मी म्हणत होतोच. आपण तक्रार करू. हे रेकॉर्डिंग पाठवू त्यांना.”

“माइक चांगला होता,” काकू म्हणाली.

“मग?”

“तीन सेकंद गप्प राहिलं की माइक बंद होतो. तूच सांगितलं होतंस, काही झालं तरी गप्प राहू नकोस.”

“हो.”

“मी गप्प राहिले.”

“कुठल्या प्रश्नाला?”

“सगळ्या.”

बाहेरून हेलिकॉप्टर गेलं. हल्ली सारखं फिरतं आमच्या भागावर, लॉकडाउनमध्ये लोक घरापासून पाच किलोमीटरच्या आत आहेत का ते बघायला. 

“आणि आधीच्या दोन वेळा?” आईने विचारलं.

आईने त्या दोन्ही वेळांना काकूची तयारी करून घेतली होती. दर रविवारी सोफ्यावर बसवून. “शिवांगी, ‘द’ नाही, जीभ दातांच्या मधे, असं,” आणि काकू जीभ दातांच्या मधे धरून बसायची.

“तेव्हाही,” काकू म्हणाली. “सॉरी, वहिनी.”

बाबा म्हणाले, “अगं पण का?” आणि त्याच वेळी आजीला वाटलं की वातावरण जरा बरं करावं. तिला अर्धंच ऐकू येत होतं. ती म्हणाली, “थांबा, आमच्या उर्वीला आणते. तिचं इंग्लिश ऐका, भांडण विसराल.”

उर्वी काका-काकूंची मुलगी. पाच वर्षांची झाली. कोविडच्या आधी आजी इथे आली होती, ती जाताना उर्वीला दोन महिन्यांसाठी बरोबर घेऊन गेली, काकूला इथे नोकरी शोधता यावी म्हणून. सगळेच पाठवतात तसं. मग बॉर्डर बंद झाली. उर्वी तिकडेच राहिली, दीड वर्ष झालं. मधे आजोबा गेले. आता कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये ती, आजी आणि एक मांजर.

आजीने आयपॅड सरळ धरायला सांगितला. उर्वी आली, केसांना दोन रबरबँड, हातात पोह्यांची बशी. तिने आधी पाठ ताठ केली.

“गुड मॉर्निंग, एव्हरीवन. माय नेम इज उर्वी यतिन मिराशी.”

“पिल्लू,” काकू पुढे वाकली, “काय खातेयस गं?”

“आय ॲम ईटिंग पोहे, मॅम.”

“मॅम नाही राजा. आई.”

“येस, मॅम.”

आजी कौतुकाने हसली. “काय फाडफाड बोलते बघा. क्लासमध्ये नियमच आहे, स्क्रीनवर फक्त इंग्लिश. सवय लागली पोरीला.”

तेवढ्यात मांजराने बशीत तोंड घातलं असणार, कारण उर्वी एकदम खाली बघून ओरडली, “ए बोक्या, हट ना मेल्या, माझेत ते. आजीला नाव सांगीन हां तुझं.” मग पुन्हा वर बघितलं, पुन्हा पाठ ताठ. “थँक यू. हॅव अ नाइस डे.”

आणि गेली.

मी हसणार होतो. बरं झालं नाही हसलो.

“बोक्याशी मराठीत बोलते,” काकू म्हणाली. ती कोणाकडेच बघत नव्हती. “माझ्याशी इंग्लिशमध्ये. कारण मी स्क्रीनवर असते, आणि स्क्रीनवर टीचर असते. तिचा काही दोष नाही. ती फार शहाणी आहे. नियम पाळते.”

“म्हणून तू मुद्दाम नापास झालीस?” काका म्हणाला. “अगं, पीआर मिळालं की आणू तिला. किती वेळा सांगितलं मी. पीआर मिळालं की पहिलं काम ते.”

“कोण आणणार?”

“म्हणजे?”

“ती पाच वर्षांची आहे, यतिन. एकटी बसणार विमानात? आईंना इकडे येऊ देत नाहीत. आणि पीआर झालं की इथल्या नागरिकांसारखी मलाही देशाबाहेर पडायला परवानगी मागावी लागणार. दादांनी मागितली होती ना?”

बाबा एकदम ताटाकडे बघायला लागले. बाबांकडे ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट आहे. आजोबा गेले तेव्हा ते अर्ज करत बसले, आणि परवानगी हातात आली तेव्हा तेरावा होऊन गेला होता. अंत्यसंस्कार त्यांनी याच आयपॅडवर बघितले, याच टेबलावर. त्याबद्दल आमच्याकडे कोणी बोलत नाही. काकू बोलली.

“आत्ता माझा व्हिसा टेंपररी आहे,” ती म्हणाली. “आत्ता मला जायला कोणी अडवत नाही.”

“जायला नाही अडवत,” काका म्हणाला. “यायला अडवतील. परत येता येणार नाही तुला. वर्ष, दोन वर्षं, कोणाला माहीत.”

“माहितीय.”

“मग मला सांगायचं होतंस.”

“सांगितलं होतं. तू म्हणालास, आधी टेस्ट दे, मग बघू. दिली टेस्ट.”

काकाने ताट पुढे सरकवलं.  मग म्हणाला, “आणि त्या रूममध्ये कशाला जायचीस? आमच्याशी बोलायचं नव्हतं, तर त्या नांदेडवाल्याशी कशाला?”

“तिथे मला कोणी करेक्ट करत नाही,” काकू म्हणाली. “विमान गुरुवारी आहे.”

काका उठून बाहेर गेला. बाबा त्याच्या मागे गेले. आजी आयपॅडमधून विचारत राहिली, “कोण येतंय गुरुवारी? कोण येतंय?” शेवटी मीच सांगितलं, “काकू.” आजीने चष्मा काढला. मग म्हणाली, “मग उर्वीशिवाय एकटीने झोपायची सवय मला लावून घ्यायला हवी आता.” असं म्हणाली, आणि स्क्रीनवर फक्त पंखा दिसायला लागला.

पुढचं मी बघितलेलं नाही. आईने सांगितलं, भांडी पुसता पुसता. आई कधी मला काही सांगत नाही, म्हणून मी मधे बोललो नाही.

ती संध्याकाळी ग्रॅनी फ्लॅटवर गेली ती भांडायला गेली होती. तिला म्हणायचं होतं की वर्षभराचे रविवार मी तुझ्यावर घालवले आणि तू मला मूर्ख बनवलंस. दार उघडंच होतं. पलंगावर बॅग उघडी, आणि बॅगेत काकूचं जवळजवळ काहीच नव्हतं. सगळे लहान मुलीचे कपडे. साडेतीन वर्षांच्या मापाचे, चारच्या, साडेचारच्या, पाचच्या, काही अजून टॅगसकट. जेव्हा जे माप असेल असं वाटलं तेव्हा ते घेतलेलं, आणि पाठवायचं राहून गेलेलं.

“हे लहान झालेले कशाला नेतेस?” आईने विचारलं.

“तिला दाखवायला,” काकू म्हणाली.

आई पलंगाच्या कडेला बसली. म्हणाली, “उर्वीला पाठव असं मीच म्हणाले होते तेव्हा. तू नको म्हणत होतीस.”

“हो,” काकू म्हणाली.

आईला वाटलं होतं ती म्हणेल, नाही हो वहिनी, तुमची काय चूक. सगळे म्हणतात तसं. काकू नुसतं ‘हो’ म्हणाली आणि फ्रॉकची घडी घालायला लागली. मग आईने पण एक घेतला. आई मला म्हणाली, “मला फार लागलं रे ते. पण खोटं बोलली असती तर अजून लागलं असतं.”

त्या रात्रीपासून घरात दोन पार्ट्या झाल्या. बाबा आणि काका एकीकडे, आई आणि काकू दुसरीकडे. मी कुठेच नव्हतो. दोन्हीकडून माझ्यावर राग होता, काकूचा सोडून. काकू सोमवारी नेहमीसारखी रूममध्ये आली आणि चारुदत्तचा इंटरव्ह्यू पक्का करून घेतला.

बाबांनी जाहीर केलं की ते एअरपोर्टला सोडायला जाणार नाहीत. “आणि तूही नाही,” मला म्हणाले. “नवशिक्याचं लायसन्स तुझं, रेड पी. पोलिसांनी थांबवलं तर काय सांगशील?”

“तिकीट दाखवीन.”

“प्रत्येक गोष्टीला उत्तर असतं तुझ्याकडे.”

“प्रश्नच सोपे असतात तुमचे.”

त्यावर त्यांनी मला मारलं असतं, असं वाटलं. त्याऐवजी ते खुर्चीत बसले. म्हणाले, “माझा बाप गेला तेव्हा मला असंच उठून जाता आलं असतं तर मी गेलो असतो रे. म्हणून नाही सोडायला येत. मला बघवणार नाही.”  बाबा यतिनकाकाच्या बाजूने आहेत असं मी समजत होतो. ते कोणाच्याच नव्हते, ते स्वतःच्या दुःखात होते.

बुधवारी काका गॅरेजमध्ये आला. मी सायकलची चेन लावत होतो.

“ती रेकॉर्डिंग्ज आहेत अजून?”

“आहेत.”

“सगळी?”

मी फोन दिला. तो रंगाच्या उलट्या डब्यावर बसला आणि ऐकत राहिला, हेडफोन लावून. मला आवाज येत नव्हता, नुसता चेहरा दिसत होता. एका ठिकाणी तो मागे गेला, परत ऐकलं, परत मागे गेला. मला वाटलं इंग्लिश तपासतोय.

“इथे हसतेय ना ती?” त्याने विचारलं आणि एक हेडफोन मला दिला.

“हो.”

“कशावर?”

“तुझ्यावर. तू पहिल्यांदा इथे आलास तेव्हा मेनूमध्ये फ्लॅट व्हाइट नावाची कॉफी बघून घराची चौकशी केलीस, ते सांगतेय.”

“हे तिला आठवतंय?” काका म्हणाला. त्याने कानातला हेडफोन काढला. “मला वाटायचं ती गप्प असते. मला वाटायचं तिचा स्वभावच झालाय तो.”

मी चेन सोडून त्याच्याकडे बघत बसलो. एवढा मोठा माणूस, आणि चोरी झालेल्या घरात शिरल्यासारखा दिसत होता.

आज गुरुवार. कोविडची टेस्ट निगेटिव्ह आली, ही मात्र काकू पहिल्या फटक्यात पास झाली. आईने जेवताना काही न बोलता गाडीची किल्ली माझ्या ताटाशेजारी ठेवली. बाबांनी ती बघितली आणि अजून एक पोळी घेतली.

मी आता ड्रायव्हरच्या सीटवर बसून हे फोनवर टाइप करतोय. काकू शेजारी आहे, मास्क लावून, पासपोर्ट हातात. बॅग मागच्या सीटवर. आई दारात. निघायला कधीच हवं होतं, पण आरशात काका दिसतोय. ड्राइव्हवेमध्ये, गाडीच्या बरोबर मागे, खिशात हात घालून उभा आहे. रिव्हर्स घेतला तर त्याच्या अंगावर जाईल.

मी हॉर्न वाजवणार होतो. काकू म्हणाली, “नको. उभा राहू दे.”

तिने मागे वळून बघितलेलं नाही. तो पुढे आलेला नाही. आई काहीतरी म्हणाली त्याला, त्याने ऐकलं नाही. शेजारची बाई कचऱ्याचं लाल बिन बाहेर ठेवता ठेवता थांबलीय.

आता हलला. माझ्या बाजूने येतोय असं वाटलं, पण नाही, मागचं दार उघडलं. बॅग सरकवली. बसला. बेल्ट लावला. मास्क नाही लावलेला, खिशात शोधतोय.

काकूने तिच्या पर्समधून एक काढून मागे न बघता हात मागे केला. त्याने घेतला.

“अवधूत,” काका म्हणतोय, “फोन ठेव आणि गाडी काढ.”

मला आता निघायला हवं.